निर्वासितांची जन्मनोंद : भारतातील तिबेटी समाजाच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : जन्मनोंदणी, निर्वासित, विलंबित नोंद, तिबेटी वसाहत, नागरिकत्व

प्रस्तावना

आधुनिक राज्यव्यवस्थेत व्यक्तीच्या अस्तित्वाचा पहिला लेखी पुरावा म्हणजे तिच्या जन्माची नोंद होय. शाळाप्रवेश, विवाह, वारसाहक्क, नोकरी, पासपोर्ट, निवृत्तिवेतन या प्रत्येक टप्प्यावर हा कागद मागितला जातो. तो हरवल्यास सामान्य नागरिक ज्या गावी जन्मला त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नक्कल मिळवतो. विदर्भातील अनेक कुटुंबांनी जात पडताळणीच्या निमित्ताने आजोबा-पणजोबांच्या जन्माच्या नोंदी कोतवाल बुकातून शोधून काढल्या आहेत. निर्वासिताला मात्र हा मार्ग बंद असतो. ज्या राज्याच्या दप्तरात त्याची नोंद असू शकेल, त्याच राज्यापासून तो पळालेला असतो. त्या राज्याच्या दूतावासात अर्ज करणे म्हणजे आपला ठावठिकाणा कळवणे, मागे राहिलेल्या नातलगांना अडचणीत आणणे, आणि कित्येकदा आश्रय देणाऱ्या देशाच्या दृष्टीने आपल्या भीतीचा दावाच कमकुवत करणे होय.

युनिसेफने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी बालकांचा जन्म कोठेही नोंदलेला नाही. अर्थात ही सर्व बालके निर्वासित नव्हेत. तथापि नोंद नसल्याचे परिणाम निर्वासितांच्या वाट्याला जितके तीव्रतेने येतात तितके अन्य कोणाच्या येत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन भारतातील तिबेटी समाजाच्या आधारे केले आहे. या समाजाची तिसरी-चौथी पिढी भारतातच जन्मलेली आहे, आणि महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव येथे त्यांची 'नोर्ग्येलिंग' ही वसाहत १९७२ पासून आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यातील तरतूद

निर्वासितांच्या स्थितीविषयीचा करार २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे संमत झाला. त्याच्या पंचविसाव्या अनुच्छेदाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही, परंतु या विषयाचे मूळ तेथेच आहे. एखादा हक्क बजावण्यासाठी परकीय राज्याच्या अधिकाऱ्यांचे साहाय्य आवश्यक असेल व निर्वासिताला ते मागता येत नसेल, तर आश्रय देणाऱ्या राज्याने ते साहाय्य आपल्या किंवा आंतरराष्ट्रीय यंत्रणेमार्फत उपलब्ध करून द्यावे, असे हा अनुच्छेद सांगतो. अशा रीतीने दिलेले दस्तऐवज मूळ शासकीय दस्तऐवजांच्या जागी ग्राह्य धरावेत, विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्यांवर विश्वास ठेवावा, आणि त्यांसाठी शुल्क घ्यायचेच झाल्यास ते माफक असावे, असेही त्यात नमूद आहे.

या तत्त्वाचा सर्वांत पूर्ण अवलंब फ्रान्सने केला आहे. निर्वासित व राज्यविहीन व्यक्तींच्या संरक्षणासाठी १९५२ च्या कायद्याने तेथे जे कार्यालय स्थापन झाले ('ऑफप्रा' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते), ते मान्यताप्राप्त निर्वासिताच्या निवेदनावरून व त्याच्याजवळच्या कागदांवरून त्याचे जन्म-विवाहाचे दाखले स्वतः तयार करून देते. त्या दाखल्यांना फ्रान्समध्ये अधिकृत दस्तऐवजाचे बळ असते. म्हणजे तेथे निर्वासिताची जन्मनोंद नव्याने 'रचली' जाते. जर्मनीची रीत अधिक सावध आहे. तेथे जन्मलेल्या बालकाच्या आईवडिलांची ओळख पुराव्याने सिद्ध होत नसेल, तर नेहमीच्या जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा दिला जातो व आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा त्यावर असतो. अमेरिकेत जन्मदाखला उपलब्ध नसल्यास आधी शाळा वा धर्मसंस्थेच्या नोंदींसारखा दुय्यम पुरावा पाहतात. तोही नसेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या किमान दोन व्यक्तींची शपथपत्रे स्वीकारतात.

भारत १९५१ च्या करारात किंवा १९६७ च्या पूरक मसुद्यात सहभागी नाही. त्यामुळे पंचविसावा अनुच्छेद भारतावर बंधनकारक नाही आणि ऑफप्रासारखे कार्यालयही येथे नाही. मात्र नागरी व राजकीय हक्कांचा करार (१९७९ मध्ये स्वीकृत) आणि बालहक्क संहिता (१९९२ मध्ये स्वीकृत) या दोहोंनुसार प्रत्येक बालकाची जन्मनोंद जन्मानंतर लगेच करण्याचे दायित्व भारताने पत्करले आहे. यात 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्याला नागरिकत्वाची अट नाही.

तिबेटमध्ये जन्मलेली पिढी

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून आलेल्या तिबेट्यांची संख्या सुमारे ८०,००० होती. या लोकांपैकी बहुतेकांजवळ जन्माचा कोणताही कागद नव्हता, आणि तो मागे राहिला होता असेही नव्हे. जुन्या तिबेटी समाजात व्यक्तीगणिक जन्मदाखला देण्याची पद्धतच नव्हती. वय सांगण्याची रीत निराळी होती. बारा प्राणी आणि पाच तत्त्वे यांच्या संयोगाने साठ वर्षांचे चक्र होते, आणि आपण 'लोह-व्याघ्र' वर्षी किंवा 'जल-नाग' वर्षी जन्मलो एवढे व्यक्तीला ठाऊक असे. लोह-व्याघ्र वर्ष म्हणजे स्थूलमानाने १९५०. परंतु तिबेटी वर्षारंभ, म्हणजे लोसर, फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये येतो. त्यामुळे जानेवारी १९५१ मध्ये जन्मलेले मूलही लोह-व्याघ्र वर्षाचेच ठरते. शिवाय जन्मतःच मूल एक वर्षाचे मानले जाई व प्रत्येक लोसरला सर्वांचे वय एकाने वाढे. अशा हिशेबाने सांगितलेले वय नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने चालू इसवी सनातून वजा केले की एक-दोन वर्षांची तफावत सहज पडते. केवळ प्राण्याचे नाव लक्षात राहून तत्त्व विसरले गेल्यास ही तफावत बारा वर्षांची होते.

महाराष्ट्रातील वाचकास याचे नवल वाटू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख घेऊन आयुष्य काढलेल्या माणसांची एक अख्खी पिढी ग्रामीण महाराष्ट्रात आहे. अमेरिकेत निर्वासितांच्या बाबतीत १ जानेवारी ही तारीख तशीच पसरलेली दिसते. फरक एवढाच की १ जूनवाल्या माणसाच्या नागरिकत्वाविषयी त्या तारखेवरून कोणी शंका घेत नाही.

तिबेटमध्ये जन्मलेल्या पिढीसाठी भारतात जन्मदाखल्याची जागा नोंदणी प्रमाणपत्राने घेतली. परकीय नागरिकांच्या नोंदणीच्या कायद्यान्वये ते दिले जाई. (१९३९ चा तो कायदा व १९४६ चा परकीय नागरिक कायदा २०२५ च्या आप्रवास व परकीय नागरिक कायद्याने रद्द झाले असून आता ही नोंदणी नव्या कायद्याखाली येते.) या प्रमाणपत्रावर जे वर्ष पहिल्यांदा लिहिले गेले, तेच पुढे ओळखपत्रावर, बँकेत व प्रवासाच्या पिवळ्या ओळख-पुस्तिकेवर उतरले. स्वित्झर्लंडने १९६० च्या दशकारंभापासून तिबेट्यांना आश्रय दिला आणि अमेरिकेने १९९० च्या कायद्याने भारत-नेपाळमधील एक हजार तिबेट्यांना व्हिसा दिले. जे तिकडे गेले त्यांच्यासोबत तो अंदाजही गेला व तेथील दप्तरात कायम झाला. निर्वासित प्रशासनाला ऐच्छिक वर्गणी भरल्याची नोंद असणारे 'हिरवे पुस्तक' समाजात अत्यंत मोलाचे मानले जाते, पण भारतीय कायद्याच्या दृष्टीने तो जन्माचा पुरावा नव्हे.

भारतात जन्मलेली पिढी व १९६९ चा कायदा

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ हा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. या कायद्याचे एक वैशिष्ट्य आवर्जून सांगितले पाहिजे : त्यात नागरिक आणि परकीय असा भेद नाही. भारताच्या भूमीवर झालेला प्रत्येक जन्म, तो जेथे झाला तेथील निबंधकाकडे, २१ दिवसांत कळवावयाचा असतो. रुग्णालयात जन्म झाल्यास ही जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याची, व घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाची. महाराष्ट्रातील खेड्यांत ग्रामसेवक हाच निबंधक असतो. म्हणून तिबेटी मातेचे बाळ आणि शेजारच्या गावातील गोंड मातेचे बाळ यांच्या नोंदी कायद्याने एकाच वहीत, एकाच नमुन्यात यावयास हव्यात.

प्रत्यक्षात अडचणी येतात त्या तीन बाबींत : स्थळ, नाव आणि काळ.

नोंद जन्मस्थळी होते, निवासस्थळी नव्हे. १९६० च्या दशकारंभी हजारो तिबेटी हिमाचल प्रदेश व लगतच्या डोंगराळ भागांत रस्त्यांच्या कामावर मजूर होते. तेथील तंबूंत जन्मलेली मुले पुढे आईवडिलांबरोबर कर्नाटकात किंवा विदर्भात वसली. १९६९ पूर्वी अमलात असलेल्या १८८६ च्या कायद्याखालील नोंदणी ऐच्छिक होती, तेव्हा त्यांची नोंद कोणी केली नाही. आता ती करावयाची तर गोठणगावच्या वृद्धाने चंबा किंवा कुलूच्या कार्यालयात अर्ज करावयास हवा. आजच्या काळातही हिवाळ्यात स्वेटर-विक्रीसाठी कुटुंबे मोठ्या शहरांत जातात. तेथे बाळ जन्मले तर नोंद त्या महानगरपालिकेत होते. ती नक्कल वेळीच घेतली नाही तर पुढे कोठे शोधावी हेच कुटुंबाच्या लक्षात राहत नाही. गोठणगावच्या बाबतीत आणखी एक बारीक गुंता आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी वसाहतीत जन्मलेल्यांच्या कागदांवर भंडारा जिल्हा असतो, आणि तिबेटी समाजात ही वसाहत आजही 'भंडारा' याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्राबाहेरील कार्यालयातील लिपिकास ही दोन निराळी गावे वाटू शकतात.

नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. तिबेटी परंपरेत आडनाव बहुधा नसते. नाव पुष्कळदा लामांकडून मिळते, किंवा जन्मवारावरून पडते : रविवारी नीमा, सोमवारी दावा, शुक्रवारी पासांग. पुढे दलाई लामांकडून नाव घेतल्यास 'तेनझिन' हे पद जोडले जाते. म्हणजे जन्मनोंदीत 'दावा' असलेली मुलगी शाळेत 'तेनझिन दावा' होते. महाराष्ट्रातील अर्जात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन रकाने असतात. त्यांपैकी तिसरा रिकामा ठेवणे लिपिकास रुचत नाही, म्हणून तेथे आजोबांचे नाव, 'तिबेटी' किंवा 'लामा' असे काहीही लिहिले जाते. लिप्यंतराने भर पडते. एकच नाव त्सेरिंग, छेरिंग, सेरिंग अशा तीन तऱ्हांनी वहीत येते व त्याचे रोमन रूप चौथेच असते. बाळाचे नाव न घालता नोंद झाली असेल तर कलम १४ नुसार ते नंतर घालता येते. महाराष्ट्राच्या २००० च्या नियमांत यासाठी बारा महिन्यांनंतर विलंबशुल्क व एकूण पंधरा वर्षांची मुदत होती. लामांकडून नाव मिळण्यास वेळ लागणाऱ्या समाजात ही तरतूद फार उपयोगाची आहे, परंतु ती माहीत नसल्याने अनेक दाखल्यांवर नावाची जागा कोरीच राहते. चूक दुरुस्तीसाठी कलम १५ आहे. त्यात मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही करतो.

विलंबित नोंदीची वाट

तिसरी अडचण काळाची. २१ दिवस उलटल्यावर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद होते. एक वर्षापर्यंत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर मात्र जन्माची सत्यता पडताळून दिलेला दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक ठरतो. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यास आहे.

या वाटेवरचा पहिला कागद विरोधाभासी आहे, कारण नोंद मागणाऱ्याने आधी 'नोंद नाही' याचा दाखला मिळवावा लागतो. निबंधक संबंधित वर्षाच्या वह्या तपासून अनुपलब्धतेचा दाखला देतो. तपासणी एकाच वर्षाची न मागता अंदाजित वर्षाच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षे मागणे शहाणपणाचे असते. कित्येकदा नोंद वेगळ्या लेखनात किंवा केवळ आईच्या नावाने सापडते, आणि पुढचा सारा खटाटोप वाचतो. त्यानंतर शपथपत्र, रुग्णालयाचे कागद, लसीकरणपत्र, शाळेचा दाखला, वसाहत अधिकाऱ्याचे पत्र, जन्मसमयी हजर असलेल्या वडीलधाऱ्यांची निवेदने हा पुरावा दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर फार विसंबून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या प्रकरणात म्हटले आहे की, शाळेच्या वहीतील जन्मतारीख कोणाच्या माहितीवरून लिहिली हे सिद्ध झाल्याविना तिला पुरावा म्हणून वजन नाही. सुईणीची साक्ष, आईचे बाळंतपणाचे कागद, धाकट्या-थोरल्या भावंडांच्या नोंदी यांचे मोल म्हणूनच अधिक आहे. अलीकडे विलंबित नोंदींकडे संशयाने पाहण्याची प्रवृत्ती वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये अशा नोंदींची पडताळणी अधिक कडक केली. खोटे दाखले रोखणे योग्यच. परंतु ज्याचा जन्म खरोखर तंबूत झाला आणि ज्याची सुईण हयात नाही, त्याच्याकडून रुग्णालयाचा कागद मागण्याने सत्य हाती लागत नाही.

तारखेचे वजन

एवढ्या कष्टाने मिळणाऱ्या तारखेवर काय अवलंबून असते, हे नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ३ वरून कळते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, राजनैतिक प्रतिनिधींची संतती यांसारखे अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक आहे. आईवडील कोण होते हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. १ जुलै १९८७ पासून मात्र आई किंवा वडील नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक व दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आली.

कांगडा येथे १९८६ मध्ये जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला तेव्हा त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २२ डिसेंबर २०१० च्या निकालात न्यायालयाने त्यांचे जन्मजात नागरिकत्व मान्य केले. प्रवासाच्या ओळख-पुस्तिकेसाठी अर्ज करताना त्यांनी स्वतःस 'तिबेटी' म्हटले, एवढ्याने ते नागरिकत्व सुटत नाही, असेही स्पष्ट केले. त्याच न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या निर्णयानंतर मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने या काळात भारतात जन्मलेल्या तिबेट्यांचे पासपोर्ट-अर्ज स्वीकारण्याच्या सूचना दिल्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०२२ मध्ये मंडपम येथील छावणीत १९८६ साली जन्मलेल्या श्रीलंकन तमिळ आईवडिलांच्या मुलीस याच न्यायाने पासपोर्ट देवविला. श्रीलंकन तमिळांना निदान चेन्नईतील आपल्या देशाच्या उपउच्चायुक्तालयाकडे जाता येते. तिबेट्यांच्या बाबतीत ते दार चिनी दूतावासाचे आहे.

या निकालांचा अर्थ असा की, मे १९८७ मध्ये जन्मलेला थोरला भाऊ नागरिक ठरतो व ऑगस्ट १९८८ मध्ये जन्मलेली धाकटी बहीण, आईवडील दोघेही तिबेटमध्ये जन्मलेले असल्यास, परकीय राहते. याहून दूरगामी परिणाम मागच्या पिढीच्या नोंदीचा आहे. समजा, एखादी स्त्री १९६६ मध्ये भारतात जन्मली. ती जन्माने नागरिक, म्हणून १९९० मध्ये येथे जन्मलेले तिचे अपत्यही नागरिक. परंतु अपत्याजवळ स्वतःचा उत्तम जन्मदाखला असून भागत नाही. त्याला आईचा १९६६ चा जन्म सिद्ध करावा लागतो, आणि नेमक्या त्याच काळात नोंदणी झालेली नसते. एका रस्त्याच्या कामावरील तंबूत न लिहिली गेलेली ओळ तीन पिढ्यांच्या आड येते. यास्तव वसाहतींतील वृद्धांच्या जन्माचे पुरावे, साक्षीदार हयात असतानाच गोळा करून ठेवणे निकडीचे आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाचा अर्ज पुढे केव्हाही करता येईल, पण साक्ष पुन्हा मिळणार नाही.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली बालके

२०२३ च्या दुरुस्तीने आणखी एक बदल केला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, शासकीय नोकरी, पासपोर्ट आदींसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मप्रमाणपत्रच ग्राह्य धरावयाचे आहे. पासपोर्टच्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये तदनुसार दुरुस्ती झाली. जुन्या पिढीला नोंदणी प्रमाणपत्र, शाळेचा दाखला, शपथपत्र असे पर्यायी आधार होते. या बालकांना ते राहणार नाहीत. जन्म कळवताना आईवडिलांचा आधार क्रमांक उपलब्ध असल्यास द्यावयाचा असतो. आधार निवासावर अवलंबून असल्याने तिबेटी पालकांना तो मिळू शकतो, आणि तो नाही म्हणून नोंद नाकारण्यास कायद्यात आधार नाही. अशा बालकाच्या दाखल्यावर जन्मस्थळ गोठणगाव, जिल्हा गोंदिया असे येईल. आईवडिलांपैकी कोणीही नागरिक नसल्यास, मोठेपणी त्याच दाखल्याच्या आधारे त्याला परकीय म्हणून नोंदणी प्रमाणपत्र काढावे लागेल.